हिवाळा आणि विसावा : ठाणे–कल्याण परिसरातील श्रमकालाचा एक विचार

१

डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण–शीळ रस्त्याच्या लगत, मानपाडा नावाचे गाव आहे. त्याच नावाची दुसरी वस्ती ठाणे शहराच्या उत्तरेस, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. दोहोंच्या मध्ये खाडी आणि पारसिकचा डोंगर. नावातील ‘पाडा’ हे उत्तरपद संस्कृत ‘पाटक’ ह्या शब्दापासून आलेले असून, मुख्य गावापासून अलग पडलेली लहान वस्ती हा त्याचा अर्थ ठाणे जिल्ह्यात अद्यापि जिवंत आहे. दोन्ही मानपाड्यांच्या बाबतीत मात्र तो आता नावापुरताच उरला आहे. एकाच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि दुसऱ्याच्या भोवती उंच इमारती आल्या.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ह्या रस्त्यांनी जाणाऱ्यास ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या दिसतात. त्यांच्याभोवती रात्रपाळी संपत आलेले रखवालदार असतात, रिक्षावाले असतात, नाक्यावर कामाची वाट पाहणारे मजूर असतात. ह्याच सुमारास वरच्या मजल्यांवरील खिडक्या बंद असतात, आणि त्यांमागे राहणाऱ्या सुशिक्षित वर्गात अलीकडे एक विचार वारंवार ऐकू येतो : हिवाळा हा निसर्गाने विश्रांतीसाठी नेमून दिलेला काळ होय; झाडे पाने गाळतात, प्राणी बिळात निजतात, मग माणसानेही ह्या दिवसांत कामाची गती मंद करावी, उशिरा उठावे, स्वस्थ बसावे. विचार आकर्षक आहे, आणि दमलेल्या माणसाला त्याचे आकर्षण वाटावे ह्यात नवल नाही. परंतु तो ज्या भूमीवर रुजला ती आपली नव्हे. उत्तर युरोपात हिवाळ्यात जमीन गोठते, नांगर थांबतो. लंडनला वर्षातील सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी भरतो. ठाण्याला तो सुमारे अकरा तासांचा असतो. आपल्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जेमतेम सव्वादोन तासांचे अंतर पडते. लंडनला ते जवळजवळ नऊ तासांचे आहे.

तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो : ठाणे–कल्याणच्या ह्या टापूत हिवाळा हा कधी विश्रांतीचा काळ होता काय? असल्यास तो कोणाचा? आणि नसल्यास येथील माणसाला विसावा कोणत्या ऋतूत व कोणत्या व्यवस्थेने मिळत होता? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नांचा विचार काही शब्द आणि काही ऐतिहासिक घटना ह्यांच्या आधारे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीत तीन ऋतूंची तीन नावे एकाच साच्यातून निघालेली आहेत : उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. तिन्हींतील ‘-आळा’ हा अंश संस्कृत ‘काल’ ह्या शब्दाचा अवशेष होय. ‘उष्णकाल’ ह्यापासून उन्हाळा, ‘हिमकाल’ ह्यापासून हिवाळा. ‘पाऊस’ हा ‘प्रावृष्’पासून आलेला आणि त्याला हाच ‘काल’ जोडून पावसाळा. ‘हिम’मधील मकाराचा वकार होऊन ‘हीव’ झाले. ग्रामचे गाव, नामचे नाव, तसेच हे. हा ‘हीव’ शब्द आज स्वतंत्रपणे क्वचितच कानी पडतो. तो ‘हिवताप’ आणि ‘हिवाळा’ ह्या शब्दांत अडकून राहिला आहे. त्याची जागा ‘थंडी’ने घेतली.

‘थंड’ ह्या शब्दाचे मूळ लक्षात घेण्यासारखे आहे. राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात हा शब्दसमूह संस्कृत ‘स्तब्ध’ ह्या शब्दाशी जोडलेला आढळतो. स्तब्ध म्हणजे थांबलेले, ताठरलेले, जागच्या जागी अडलेले. प्राकृतात त्याची ‘थड्ढ’ व ‘ठड्ढ’ अशी रूपे झाली. हिंदीने मूर्धन्य वर्णाचा ‘ठंडा’ स्वीकारला, मराठीने दंत्य थकार राखला. म्हणजे आज आपण ज्याला थंड म्हणतो त्याच्या तळाशी शीतलतेची कल्पना नसून गती थांबण्याची कल्पना आहे. ‘बाजार थंडावला’, ‘काम थंडावले’, ‘चळवळ थंड पडली’ असे आपण म्हणतो तेव्हा नकळत मूळ अर्थाकडेच परत जातो.

आता विश्रांतीचे शब्द पाहू. ‘विसावा’ हा ‘विश्राम’ ह्याचा थेट वंशज. येथेही मकाराचा वकार झालेला आहे. ‘श्रम’ हा धातू त्याच्या पोटात आहे, म्हणून श्रमाशिवाय विसाव्याची कल्पनाच करता येत नाही. ‘निवांत’ ह्या शब्दाचा संबंध ‘निवात’, म्हणजे जेथे वारा पोहोचत नाही असे आडोशाचे स्थान, ह्याच्याशी लावला जातो. पुढील काळातील शब्द मात्र निराळ्या जगातून आले. ‘आराम’ आणि ‘फुरसत’ हे फारसीच्या द्वारे आले. ‘रजा’ हा मुळातला अरबी शब्द; त्याचा अर्थ संमती, परवानगी. ‘सुटी’ हा ‘सुटणे’ ह्या क्रियापदापासून बनला, म्हणून त्यात आधी बांधलेले असणे गृहीत धरलेले आहे. विसावा शरीराला लागतो, रजा वरिष्ठाकडून मिळते, सुटी बंधनातून होते. ह्या तीन शब्दांमध्ये विश्रांतीचे तीन निरनिराळे सामाजिक संबंध नोंदलेले आहेत, आणि पुढील विवेचनात ते क्रमाने दृष्टीस पडतील.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. व्युत्पत्ती म्हणजे इतिहास नव्हे. ‘थंड’ हा शब्द ‘स्तब्ध’पासून आला एवढ्यावरून हिवाळ्यात माणसे स्तब्ध बसत होती असे अनुमान काढणे सदोष ठरेल. शब्द प्रश्न सुचवतो. उत्तर कागदपत्रांत आणि शेतात शोधावे लागते.

३

शोधू लागल्यावर आढळते ते बहुतांशी उलट आहे. आपल्या परंपरेने हिवाळ्याला बलाचा ऋतू मानले आहे. आयुर्वेदातील ऋतुचर्येनुसार हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो व शरीरबल अधिक असते. म्हणून ह्या काळात भरपूर आहार, अंगाला तेल, व्यायाम आणि मल्लयुद्धही सांगितले आहे. दिवसा झोपण्याची मुभा आहे ती ग्रीष्मात. धनुर्मासाचा आचारही ह्याच जातीचा आहे. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतच्या ह्या महिन्यात, ज्याला बोलीत धुंधुरमास म्हणतात, पहाटे उठून स्वयंपाक करावयाचा आणि सूर्योदयाच्या सुमारास बाजरीची भाकरी, खिचडी, भरीत असे जेवण करावयाचे असते. थंडीत उशिरापर्यंत अंथरुणात राहणे हा येथला आदर्श नव्हता; लवकर उठून जेवणे हा होता. अर्थात त्यासाठी घरातील कोणाला तरी त्याहूनही लवकर उठावे लागत असे, आणि ते कोण हे सांगावयास नको.

मग थांबण्याचा ऋतू कोणता? तो पावसाळा. ह्या बाबतीत ठाण्याच्या मानपाड्यामागील डोंगरच साक्ष देतो. त्याच डोंगररांगेत, पलीकडच्या अंगास, कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या शतकांपासून पुढे सुमारे एक सहस्र वर्षे येथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. शंभराहून अधिक लेण्यांचा हा समूह, त्यांतील पाण्याची टाकी आणि शिलालेखांत दाते म्हणून वारंवार येणारे कल्याणचे व्यापारी ह्यांवरून ह्या वसतिस्थानाचा व्याप ध्यानात येतो. बौद्ध भिक्षू वर्षातील बराच काळ फिरतीवर असे. वर्षाकाळाचे तीन महिने मात्र त्याने एका ठिकाणी राहावे असा नियम होता. ह्यालाच वर्षावास म्हणतात. पावसात वाटा बुजतात, नद्या अडवतात आणि उगवत्या पिकावर व कीटकांवर पाय पडतो, अशी त्याची कारणे.

हा विसावा आपोआप घडत नसे. त्याची तजवीज करावी लागे. तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्या ४२ व्या वर्षाच्या लेखात ३,००० कार्षापणांची कायम ठेव नोंदलेली आहे. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक ह्या व्याजाने ठेवले, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण ह्या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे होते. हिशेब करून पाहिला तर तो बिनचूक जुळतो : दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४० कार्षापण, आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळून तेवढेच. वर्षावास संपल्यावर, थंडीच्या तोंडाशी, भिक्षूच्या अंगावर नवे वस्त्र यावे अशी ही योजना आहे.

ह्या लेखाकडे सामान्यतः दानाचा अथवा प्राचीन पतव्यवहाराचा पुरावा म्हणून पाहिले जाते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. वीस माणसे तीन महिने एका जागी स्थिर राहू शकली, कारण कोणीतरी भांडवल गुंतवले आणि कोणीतरी मागावर बसून त्याचे व्याज भरले. त्या विणकरांनी वर्षावास केला की नाही हे लेखात येत नाही. येण्याचे कारणही नव्हते. विसावा आणि तो पोसणारे श्रम ह्यांचा जमाखर्च एकाच शिळेवर कोरलेला असावा, हे मात्र विरळा होय.

पुढील काळातील चातुर्मास हा ह्याच ऋतुमानाचा सार्वत्रिक आविष्कार आहे. आषाढी एकादशीला देव निजतो आणि कार्तिकीला उठतो. मधल्या काळात लग्नकार्ये होत नाहीत आणि प्रवास टाळला जातो. लष्करी जीवनाचे वेळापत्रकही हेच होते. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यापूर्वी परतत. परतणे शक्य नसल्यास वाटेत ‘छावणी’ करीत. ‘छावणी’ हा शब्द ‘छावणे’, म्हणजे छप्पर घालणे, शाकारणे, ह्या क्रियापदापासून झालेला आहे. मोहिमेवर फौज तंबूत राही. पाऊस आला की शाकारलेल्या झोपड्या उभाराव्या लागत. म्हणून पेशवेकालीन व्यवहारात छावणीस राहणे म्हणजे पावसाळा काढणे. पुढे इंग्रजी अमलात लष्कराची कायमची वसाहत असा अर्थ त्याला आला, आणि शब्दातील पाऊस ओसरला.

ह्याच्या उलट हिवाळा हा हालचालीचा काळ. शिवाजी महाराजांच्या सैन्याने कल्याण व भिवंडी घेतली ती २४ ऑक्टोबर १६५७ रोजी, पाऊस संपताच. पोर्तुगिजांकडून ठाणे मराठ्यांकडे आले ते मार्च १७३७ मध्ये, आणि वसई पडली ती मे १७३९ मध्ये, पुढचा पाऊस तोंडावर आला असता. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन थंडीत, दक्षिणेच्या हवेला सरावलेल्या फौजेला अपरिचित अशा उत्तरेच्या थंडीत. हंगामाचा आरंभ, मध्य आणि शेवट अशा तिन्ही जागी मोहिमाच दिसतात. हिवाळ्यात स्वस्थ बसण्याची कल्पना सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी शिपायाला समजलीच नसती.

४

शिपाई नसलेल्या माणसाची स्थिती ह्याहून फारशी निराळी नव्हती. ठाणे जिल्ह्याचे मुख्य पीक भात. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, आणि मग झोडणी व मळणी. म्हणजे हिवाळा सुरू होतो तोच खळ्यावर. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरावयाचा. खाडीकाठी मिठागरे, पाऊस सरल्यावर त्यांचे बांध नीट करावयाचे, मग खाडीचे पाणी घ्यावयाचे आणि पुढला पाऊस येईपर्यंत मीठ ओढावयाचे. ‘आगर’ हा शब्द संस्कृत ‘आकर’, म्हणजे खाण, उत्पत्तिस्थान, ह्यापासून आला, आणि आगरी समाजाचे नाव ह्याच आगराशी जोडले जाते. भातशेती आणि मिठागर ह्या दोन्हींवर उभ्या असलेल्या कुटुंबाचे वर्ष असे पूर्ण भरलेले असे. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यापासून मीठ.

ज्यांना जमीन नव्हती, किंवा होती पण राहिली नाही, त्यांची कथा अधिक कठोर आहे. जिल्ह्याच्या डोंगराळ व उत्तरेकडील भागातील वारली, ठाकूर, कातकरी हे लोक भाताचा हंगाम संपल्यावर गवतकापणी, लाकूडतोड, कोळशाच्या व विटांच्या भट्ट्या ह्यांकडे वळत. मुंबईतील जनावरांसाठी लागणारे गवत पुरविणे हा ह्या जिल्ह्याचा मोठा व्यापार होता आणि कापणीचा मोसम पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होई. त्यातच वेठ. हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ ह्यापासून आलेला. अर्थ अडीच हजार वर्षांत बदलला नाही. मजुरीशिवाय सक्तीने करून घेतलेले काम, एवढाच त्याचा अर्थ. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापोटी नवराबायको त्याच्या घरी राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या भाषेत लग्नापासून गुलामीपर्यंतचा मार्ग एका सामासिक शब्दात सांगता येतो तिने बरेच पाहिलेले असते.

ह्या स्थितीविरुद्धचा उठाव मे १९४५ मध्ये झरी येथील सभेपासून सुरू झाला. त्याच वर्षी पावसाळा सरताना, गवतकापणीच्या तोंडावर, वारल्यांनी काम थांबवले. मागणी होती पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. गोदावरी परुळेकर यांनी ह्या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) ह्या पुस्तकात लिहिली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच लक्षात घ्यावे की, ह्या टापूत शेतमजुराला हिवाळ्याच्या उंबरठ्यावर जे थांबणे माहीत झाले ते संपाचे थांबणे होते. वेठ आधी मोडावी लागली. मग विसावा हा शब्द उच्चारता आला.

तरीसुद्धा हिवाळ्यात सुखाचे क्षण नव्हतेच असे म्हणणे एकांगी होईल. खळ्यावर धान्य आले म्हणजे हात काहीसा सैल होतो. रात्री मोठ्या असतात. शेकोटीभोवती, ज्याला जुन्या मराठीत आगटी असेही म्हणत, गोष्टी व गाणी होतात. पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यात म्हसे येथे म्हसोबाची यात्रा भरते, तिच्यात गुरांचा मोठा बाजार असतो. माघी पौर्णिमेस कल्याणजवळील मलंगगडावर यात्रा भरते. ‘जत्रा’ हा शब्द ‘यात्रा’चाच तद्भव. प्रवासाचा शब्द मराठीने उत्सवाला लावला, ह्यातील अर्थ मोलाचा आहे. पावसाने चार महिने घरात कोंडलेल्या माणसाचा हिवाळ्यातील आनंद बसण्यात नव्हता, निघण्यात होता. बैल पाहावे, बांगड्या भराव्या, सोयरिकी जुळवाव्या, नातलग भेटावे. येथल्या हिवाळ्याला स्वतःची विश्रांती असलीच तर ती ही.

५

एकोणिसाव्या शतकात श्रमकालाच्या ह्या जुन्या रचनेला गिरणीने छेद दिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली, पुढील वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. त्याच दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. गिरणीला ऋतू नव्हता. पावसाळ्यातही ती चालत होती. म्हणजे चातुर्मासाचा विसावा गिरणीकामगाराच्या बाबतीत संपला. राहिला तो एकच नैसर्गिक निर्बंध : उजेड. विजेचे दिवे येण्यापूर्वी बहुसंख्य गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. ह्याचा परिणाम असा की, उन्हाळ्यात कामाचा दिवस तेरा तासांच्या वर जाई आणि हिवाळ्यात तो अकरा तासांच्या आसपास येई. हिवाळ्यात कामगाराला दोन तास कमी राबावे लागे. हे कोणाच्या दयेने घडत नव्हते, कायद्यानेही नव्हते; सूर्य लवकर मावळत होता म्हणून घडत होते. हिवाळा म्हणजे विसावा, हे समीकरण ह्या प्रदेशात कोठे अक्षरशः खरे असेल तर ते विजेपूर्वीच्या गिरणीत.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. ते महात्मा फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास भरपाई अशा त्याच्या मागण्या होत्या. त्यांतील ‘सूर्यास्त’ हा शब्द लक्षणीय आहे. आपल्याकडे डिसेंबरातील आणि जूनमधील सूर्यास्तांत एक तासाहून अधिक अंतर असते. अर्थात ही मागणी मान्य झाली असती तर हिवाळ्यातील लहान दिवसाला नियमाचे रूप आले असते. तसे झाले नाही. साप्ताहिक सुटीची मागणी मात्र, १८९० च्या एप्रिलमधील प्रचंड सभेनंतर, १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती ह्या दोहोंना स्थान मिळाले. आज कोट्यवधी लोक रविवारी घरी असतात. त्यामागे ठाण्यात जन्मलेल्या ह्या माणसाचे श्रम आहेत, ह्याची जाणीव ठाण्यातही पुरेशी आढळत नाही.

पुढील घटना विशेष अर्थपूर्ण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. हिवाळ्याने दिलेले दोन तास एका दिव्याने परत घेतले. त्यातच १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे होती. प्रमाणवेळ साडेपाच तास. म्हणजे घड्याळ एकदम एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले, तेही ऐन जानेवारीत, जेव्हा सूर्य वर्षात सर्वांत उशिरा उगवतो. मुंबईच्या जुन्या वेळेने साडेसहाच्या जरा पुढे होणारा सूर्योदय नव्या घड्याळात सव्वासातच्या सुमारास होऊ लागला. कामाच्या भोंग्याचा आकडा तोच ठेवला तर कामगाराला तेवढेच अधिक अंधारात व थंडीत घराबाहेर पडणे भाग होते. त्या महिन्यात हजारो गिरणीकामगारांनी काम नाकारले, दगडफेक झाली, आणि नव्या वेळेविरुद्धचा असंतोष शहरभर पसरला. त्याला तत्कालीन राजकीय क्षोभाचीही जोड होती हे नाकारता येत नाही. मुंबई महानगरपालिकेने १९५५ पर्यंत आपली जुनी वेळ राखली.

ह्या उठावाची हेटाळणी अज्ञानी लोकांचा घड्याळाला विरोध अशी करणे सोपे आहे. परंतु कामगारांचा हिशेब बरोबर होता. ऋतूने दिलेला विसावा यंत्राने व घड्याळाने काढून घेतला, हे त्यांना अंगाने कळले होते. त्यानंतर जे मिळाले ते सर्व कायद्याने, आणि कायदा मिळाला तो मागण्या, संप व चौकश्या ह्यांच्या मागोमाग. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ च्या कायद्याने अकरा तास व आठवड्यास साठ तास. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दहा तास व चोपन्न तास. १९४८ च्या कायद्याने नऊ तास व अठ्ठेचाळीस तास. ह्या कोष्टकात उन्हाळा-हिवाळा असा भेद कोठेही नाही. बाराही महिने एकच आकडा. विसाव्याने ऋतूशी असलेले नाते तोडले आणि तो घड्याळाच्या आकड्यांत मोजला जाऊ लागला.

६

येथवरच्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ठाणे–कल्याण परिसरात हिवाळा हा परंपरेने विश्रांतीचा ऋतू नव्हता. विश्रांतीचा ऋतू पावसाळा होता, आणि तोही भिक्षू, शिपाई, प्रवासी यांच्यापुरता. शेतकरी त्या वेळी चिखलात उभा असे. हिवाळ्याचा खराखुरा विसावा दोन रूपांत आढळतो : एक जत्रेच्या रूपाने, आणि दुसरा लहान दिवसाच्या रूपाने. पैकी दुसरा विजेच्या दिव्याने नष्ट केला. त्याची भरपाई निसर्गाने केली नाही. ती माणसांनी मागून घेतली.

म्हणून हिवाळ्यात गती मंद करावी ह्या आजच्या विचाराला विरोध करण्याचे कारण नसले, तरी तो निसर्गाची आज्ञा म्हणून मांडणे इतिहासाला धरून नाही. निसर्गाचा हवाला दिला म्हणजे एक गैरसोयीचा प्रश्न टळतो : एकाच्या मंद गतीचे व्याज कोण भरतो? नाशिकच्या शिलालेखात त्याचे उत्तर नावनिशीवार आहे. आपल्या काळात ते तसे लिहून ठेवलेले नसते. दोन्ही मानपाड्यांच्या रस्त्यांवर पहाटेच्या शेकोटीशी बसलेला रखवालदार आणि वरच्या मजल्यावर निवांत निजलेला रहिवासी हे एकाच जमाखर्चाच्या दोन बाजूंना आहेत. ‘निवांत’ म्हणजे जेथे वारा लागत नाही ते स्थान. वारा कोणीतरी बाहेर अडवून धरलेला असतो.

शेवटी आमच्या विषयाच्या अभ्यासकांसाठी एक सूचना. आगरी, वारली, ठाकरी, कातकरी ह्या बोलींमध्ये थांबणे, दम घेणे, शेकत बसणे, कामावरून सुटणे, वेठीतून मोकळे होणे ह्या क्रियांना कोणते शब्द आहेत, आणि ते कोणत्या ऋतूशी व कोणत्या कामाशी निगडित आहेत, ह्याची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. खळी आणि मिठागरे नाहीशी होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर हे शब्दही जात आहेत. प्रमाण मराठीत विश्रांतीसाठी रजा आणि सुटी हे दोन शब्द प्रबळ झाले. एकात परवानगी आहे, दुसऱ्यात बंधन. तिसरा शब्द, विसावा, श्रम करणाऱ्याच्या शरीराचा आहे. तो ह्या बोलींत अजून कोणकोणत्या रूपांत उच्चारला जातो हे ऐकावयाचे असेल, तर थंडीच्या दिवसांत पहाटे शेकोटीशी जाऊन बसावे लागेल.